एमआरआय नंतर, आधी कॉर्टिसोल: कुशिंग सिंड्रोमचं निदान कसं होतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पत्नीचं वय ३६. गेल्या दोनेक वर्षांत त्यांचं वजन वाढलं, चेहरा गोल झाला, बीपीची गोळी सुरू झाली. कुणीतरी कॉर्टिसोल हे हार्मोन तपासून घ्या म्हणालं. सकाळी आठला घेतलेल्या रक्तात ते २८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर निघालं आणि रिपोर्टवर त्या आकड्याशेजारी 'जास्त' असं ठळक छापून आलं. मग डोक्याचा एमआरआय झाला, त्यात मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत ३ मिलिमीटरचा ठिपका दिसला. आता शस्त्रक्रियेचं बोलणं सुरू आहे. ताण कमी केला तर कॉर्टिसोल आपोआप उतरेल का, असंही तुम्ही विचारलंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता, एक ओळ आहे: त्या पाळीसाठी हार्मोनच्या गोळ्या घेतात, चेहऱ्यावरच्या डागांना वर्षभर एक क्रीम लावतात आणि गुडघ्यात दोनदा इंजेक्शन घेतलंय.

मी सुरुवात या शेवटच्या ओळीपासून करेन.

शस्त्रक्रियेचा विषय सध्या बाजूला ठेवा. त्यांना कुशिंग, म्हणजे कॉर्टिसोलच्या अतिरेकाने होणारा आजार, नाहीच, असं मी म्हणत नाहीये. तो आहे हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही, एवढंच. या आजारात तपासण्या कोणत्या क्रमाने होतात यावर सगळं अवलंबून असतं. आधी बघायचं, शरीरात बाहेरून स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसोलसारखंच काम करणारं औषध, जातंय का. जात नसेल तर शरीर स्वतः खरंच जास्त कॉर्टिसोल बनवतंय का, हे पक्कं करायचं. ते पक्कं झालं की एसीटीएच, म्हणजे कॉर्टिसोल बनवायचा हुकूम देणारं पिट्युटरीचं हार्मोन, मोजून ते कुठून येतंय याचा अंदाज घ्यायचा, आणि मग त्या जागेचं चित्र काढायचं. तुमच्याकडे आधीच्या पायऱ्या गाळून थेट शेवटच्या पायरीवर उडी पडली आहे. हे सर्रास होतं, कारण एमआरआय काढून घेणं सोपं असतं आणि चोवीस तासांची लघवी गोळा करणं कटकटीचं.

कॉर्टिसोल मुळात वाईट नाही. दोन्ही मूत्रपिंडांच्या वर एकेक अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते, तिच्या बाहेरच्या भागात ते तयार होतं. उपाशी असताना रक्तातली साखर टिकवणं, रक्तदाब सांभाळणं, दाह आवरणं, आजारपणात किंवा अपघातात शरीराला तग धरायला मदत करणं ही त्याची कामं. ते अजिबात नसेल तर माणूस जगत नाही. किती बनवायचं याचा हुकूम वरून येतो. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग सीआरएच नावाचं हार्मोन सोडतो, त्यामुळे पिट्युटरी एसीटीएच सोडते आणि एसीटीएच पोचलं की अ‍ॅड्रिनल कामाला लागते. रक्तात पुरेसं कॉर्टिसोल झालं की तेच वर जाऊन या दोघांना गप्प करतं. शिवाय या सगळ्याला दिवसाची लय आहे. पहाटे कॉर्टिसोल चढत जातं, उठण्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतं, मग दिवसभर उतरत मध्यरात्रीपर्यंत जवळजवळ तळाला जातं.

कुशिंगमध्ये नेमक्या या दोन गोष्टी बिघडतात. 'आता पुरे' हा निरोप ऐकला जात नाही आणि रात्रीची उतरण नाहीशी होते. पुढे ज्या तपासण्या सांगणार आहे त्या या दोन बिघाडांवरच बेतलेल्या आहेत, म्हणून एवढं सांगितलं.

अमेरिकन न्यूरोसर्जन हार्वी कुशिंग यांनी असा पहिला रुग्ण १९१२ मध्ये नोंदवला आणि १९३२ मध्ये बारा रुग्णांची माहिती एकत्र मांडून पिट्युटरीतल्या छोट्या गाठीकडे बोट दाखवलं. आज कॉर्टिसोलच्या अतिरेकाने होणाऱ्या लक्षणसमूहाला, कारण काहीही असो, कुशिंग सिंड्रोम म्हणतात. पिट्युटरीतली गाठ हे कारण असेल तर कुशिंग डिसीज. शरीराने आतूनच जास्त कॉर्टिसोल बनवणं हा प्रकार दुर्मिळ आहे, दर दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण २ ते ३ नवे रुग्ण. त्यातल्या सुमारे ७० टक्के जणांत गाठ पिट्युटरीत असते, २० टक्क्यांच्या आसपास अ‍ॅड्रिनलमध्ये, आणि उरलेल्यांत फुप्फुस, स्वादुपिंड अशा भलत्याच ठिकाणची एखादी गाठ एसीटीएच बनवत असते. पिट्युटरीचा प्रकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी जास्त दिसतो.

पण या सगळ्यांच्या कैक पटीने जास्त रुग्ण असतात ते बाहेरून गेलेल्या स्टिरॉइडचे.

१९४८ मध्ये अमेरिकन डॉक्टर फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिलं आणि तो रुग्ण काही दिवसांतच चालू लागला. १९५० मध्ये हेंच आणि रसायनशास्त्रज्ञ केंडॉल व राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. तेव्हापासून स्टिरॉइडने असंख्य जीव वाचवलेत, आजही वाचवतंय, आणि दमा, संधिवात, ल्युपस यांसाठी डॉक्टरांनी विचारपूर्वक दिलेल्या स्टिरॉइडबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. अडचण होते ती रुग्णाला आपण स्टिरॉइड घेतोय हेच माहीत नसतं तेव्हा. त्यामुळे 'स्टिरॉइड घेता का?' असं मी विचारतच नाही. उत्तर 'नाही' येतं आणि ते प्रामाणिक असतं. मी म्हणते, घरात आहेत तेवढ्या गोळ्या, ट्यूब, पुड्या, स्प्रे, डोळ्यांचे-नाकाचे थेंब, सगळं एका पिशवीत भरून घेऊन या. मग ट्यूबवरच्या बारीक अक्षरांत क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव सापडतं. सांध्यातल्या इंजेक्शनच्या कागदावर ट्रायअ‍ॅम्सिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन असतं, आणि एका इंजेक्शनचा परिणाम कित्येक आठवडे रेंगाळतो. नाव-गाव नसलेल्या 'पूर्णपणे नैसर्गिक' पुडीने सांधेदुखी दोन दिवसांत गायब झाली असेल, तर त्या पुडीवर मी संशय घेतेच. कधी औषध निर्दोष असतं पण जोडी चुकते. एचआयव्हीवरचं रिटोनाविर किंवा बुरशीवरचं इट्राकोनाझोल चालू असताना श्वासावाटे घ्यायचं फ्लुटिकासोनही अंगात साचतं, कारण ही औषधं यकृतात त्याचा निचरा अडवतात.

बाहेरच्या स्टिरॉइडची एक खूण ऐकायला विचित्र वाटते. माणूस दिसतो कुशिंगचा, पण रक्तातलं कॉर्टिसोल निघतं खूप कमी. कारण साधं आहे: बाहेरून आलेलं स्टिरॉइड पिट्युटरीला गप्प करतं, स्वतःची अ‍ॅड्रिनल सुस्तावते, आणि डेक्सामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखं औषध कॉर्टिसोलच्या तपासणीत मोजलंच जात नाही. प्रेडनिसोलोन आणि हायड्रोकॉर्टिसोन मात्र बऱ्याच यंत्रांना कॉर्टिसोलसारखे वाटतात आणि आकडा फुगवतात. या हिशेबाने तुमच्या पत्नीचं २८ एक गोष्ट बऱ्याच अंशी सांगतं: रक्त घेतलं त्या दिवशी तरी त्यांची ग्रंथी सुस्तावलेली नव्हती. म्हणजे क्रीम आणि इंजेक्शन हेच सगळ्याचं मूळ असण्याची शक्यता कमी होते. तरी ट्यूबचं नाव बघाच. चेहऱ्यावर महिनोन्महिने लावलेलं कडक स्टिरॉइड तिथली त्वचा पातळ आणि लालसर करतं, आणि तो लालपणा तपासणाऱ्याला कुशिंगचा वाटू शकतो.

एक सूचना इथेच देते. पिशवीत स्टिरॉइड सापडलं म्हणून घाबरून ते त्याच दिवशी बंद करू नका. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ पुरेशा मात्रेत स्टिरॉइड गेलं असेल तर स्वतःची अ‍ॅड्रिनल लगेच कामावर येत नाही. अचानक थांबवल्यावर उलट्या, रक्तदाब कोसळणं, साखर उतरणं, शुद्ध हरपणं इथवर मजल जाऊ शकते. मात्रा हळूहळू उतरवावी लागते आणि ती उतरवताना डॉक्टर सोबत हवेत.

आता लक्षणं. वजन वाढणं, पोट सुटणं, बीपी, शुगर, पाळीची गडबड, चेहऱ्यावर लव, उदास वाटणं, झोप न लागणं, हे सगळं कुशिंगमध्ये असतं हे खरं, पण हीच लक्षणं कुशिंग नसलेल्या असंख्य लोकांतही असतात. त्यामुळे त्यांची यादी जुळते म्हणून आजार ठरत नाही. मी वेगळ्या चार गोष्टींना जास्त वजन देते. कारण आठवत नसताना अंगावर काळेनिळे डाग उमटणं. चेहरा कायम लालबुंद असणं. पोटावर, मांड्यांवर, काखेजवळ जांभळट-लाल पट्टे, तेही एक सेंटिमीटरपेक्षा रुंद. बाळंतपणानंतरचे किंवा वजन वाढल्याचे पट्टे पांढुरके-फिके आणि अरुंद असतात. आणि चौथी, मांड्यांचे व खांद्यांचे स्नायू क्षीण होणं.

ही चौथी घरीही बघता येते. खुर्चीवर बसायचं, हात छातीशी घडी घालायचे आणि हाताचा आधार न घेता उठायचं. जमलं तर उकिडवं बसून उठून बघायचं. वजन वाढलेला पण एरवी धडधाकट माणूस कुरकुरत का होईना, उठतो. कुशिंगमध्ये मांड्याच साथ देत नाहीत. हात-पाय बारीक होत जातात आणि पोट, मान, पाठीचा वरचा भाग भरत जातो. जिना चढताना कठड्याला धरून अंग वर ओढावं लागतं, केस विंचरताना हात वर ठेवता येत नाहीत. कॉर्टिसोल स्नायूंतली प्रथिनं मोडून त्यांची साखर करायला लावतं, त्वचेतलं कोलॅजन घटवतं, हाडातून कॅल्शियम काढून घेतं. पट्टे, काळेनिळे डाग, अशक्त मांड्या आणि वाकताना मोडलेला मणका ही एकाच प्रक्रियेची वेगवेगळी टोकं आहेत. चाळिशीच्या आत हाड ठिसूळ निघालं तर मी कुशिंगचा विचार केल्याशिवाय राहत नाही.

घरी बघता येणारी दुसरी गोष्ट म्हणजे जुने फोटो. तीन वर्षांपूर्वीचा, दोन वर्षांपूर्वीचा आणि आत्ताचा, समोरून काढलेले, ओळीने ठेवा. घरच्यांना रोज बघून फरक कळत नाही. फोटोंत गाल भरत जाऊन समोरून कान झाकले गेलेत का, गळ्याच्या हाडांवरचे खळगे भरलेत का, ते दिसतं. लहानपणापासून गोल चेहरा असणं वेगळं आणि ठरावीक काळात चेहरामोहरा बदलणं वेगळं. मुलांच्या बाबतीत याहून सोपी खूण आहे. वजन वाढतंय आणि उंची वाढायची थांबलीय, असं असेल तर थांबू नका. नुसत्या खाण्याने लठ्ठ झालेली मुलं सहसा वयाच्या मानाने उंच असतात.

ताणाबद्दल. रोजच्या ताणाने कॉर्टिसोल वर-खाली होतं, पण 'आता पुरे' म्हणणारी यंत्रणा शाबूत असते, म्हणून ते परत जागेवर येतं. ताणाने कुशिंगची गाठ होत नाही आणि ताण कमी केल्याने ती विरघळत नाही. हल्ली सुजलेल्या चेहऱ्याचे फोटो टाकून 'कॉर्टिसोलचा चेहरा' म्हणायची टूम आहे. त्यातले बहुतेक चेहरे अपुऱ्या झोपेचे, वाढलेल्या वजनाचे किंवा नुसते सकाळचे असतात. त्यावर कॉर्टिसोल उतरवणारी पूरकं विकली जातात. मला यात गंमत अशी वाटते की 'अ‍ॅड्रिनल सपोर्ट' नावाने विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत प्रत्यक्षात स्टिरॉइड आणि थायरॉइडचं हार्मोन आढळलेलं आहे. मात्र तीव्र नैराश्य, दारूचं व्यसन, आटोक्यात नसलेला मधुमेह, खूप जास्त लठ्ठपणा यांत कॉर्टिसोल खरोखरच थोडं वाढतं आणि तपासण्याही किंचित बिघडलेल्या येतात. अशा वेळी मूळ आजारावर उपचार करून काही महिन्यांनी पुन्हा तपासणं हाच मार्ग.

आता तुमच्या २८ कडे. सकाळच्या एका रक्ततपासणीवरून कॉर्टिसोलचा अतिरेक ठरत नाही, कधीच नाही. सकाळी निरोगी माणसाचंही ते जास्तच असतं. दिवा रात्री विझतो की नाही हे भर दुपारी जाऊन बघण्यासारखं आहे ते. सकाळचं कॉर्टिसोल कामाचं आहे ते कमतरता शोधायला. त्यात भर म्हणजे हार्मोनच्या गोळ्या. रक्तातलं बहुतेक कॉर्टिसोल एका प्रथिनाला चिकटून फिरतं. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन यकृताला हे प्रथिन जास्त बनवायला लावतं. चिकटलेलं कॉर्टिसोल वाढतं, मोकळं, म्हणजे शरीरावर खरा परिणाम करणारं, तेवढंच राहतं. प्रयोगशाळा दोन्हींची बेरीज मोजते आणि आकडा ठळक छापते. इस्ट्रोजेन असलेली गोळी घेणाऱ्या स्त्रीचं सकाळचं कॉर्टिसोल २८ येणं यात मला काहीच वावगं दिसत नाही. गरोदरपणातही हेच होतं.

मग खरा अतिरेक कसा पकडायचा? तीन तपासण्या आहेत आणि त्यांतल्या किमान दोन बिघडलेल्या आल्या तरच मी पुढे जाते.

पहिली डेक्सामेथासोनची. रात्री अकरा ते बाराच्या दरम्यान डेक्सामेथासोन १ मिलिग्रॅम गिळायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान कॉर्टिसोलसाठी रक्त द्यायचं. ते औषध निरोगी पिट्युटरीला गप्प करतं, त्यामुळे सकाळचं कॉर्टिसोल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली जायला हवं. गेलं तर कुशिंगची शक्यता फारच कमी होते. नाही गेलं तर लगेच निष्कर्ष नको. गोळी वेळेवर घेतली होती का? फिट्सवरचं फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन, टीबीवरचं रिफाम्पिसिन चालू आहे का? ही औषधं डेक्सामेथासोन भराभर जाळून टाकतात. आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्या? त्या घेणाऱ्या साधारण निम्म्या स्त्रियांत ही तपासणी आजार नसताना बिघडलेली येते. म्हणून शक्य असेल तर त्या सहा आठवडे आधी थांबवाव्या लागतात, अर्थात ज्यांनी दिल्या त्यांना विचारून आणि गर्भनिरोधाची दुसरी सोय करून.

दुसरी चोवीस तासांच्या लघवीतलं मोकळं कॉर्टिसोल. यात प्रथिनाला चिकटलेलं येत नाही, म्हणून गोळ्यांचा त्रास कमी. पण गोळा करण्यात हमखास घोळ होतो. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि घड्याळ लावायचं. मग दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली, सगळी डब्यात. मध्ये एक वेळ जरी बाहेर गेली तरी ते लिहून द्या, लपवू नका. त्या दिवशी उगाच लिटरच्या लिटर पाणी प्यायलात तर आकडा फुगतो. मूत्रपिंडं कमजोर असतील तर तो खोटाच कमी येतो. ही तपासणी निदान दोनदा करायची.

तिसरी मध्यरात्रीच्या लाळेतलं कॉर्टिसोल. मला सर्वांत आवडणारी, कारण घरीच होते आणि थेट त्या हरवलेल्या उतरणीचा ठाव घेते. रात्री अकरा-बाराच्या सुमारास कापसाची छोटी गुंडाळी दोन-तीन मिनिटं तोंडात धरायची आणि नळीत टाकायची, दोन वेगवेगळ्या रात्री. त्याआधी खाणं, दात घासणं नको. हिरड्यांतून रक्त येत असेल तर थांबा. तंबाखू आणि ज्येष्ठमध दोन्ही आकडा बिघडवतात. हायड्रोकॉर्टिसोनची क्रीम लावलेल्या हाताने गुंडाळीला शिवलं तरी नमुना वाया जातो. रात्रपाळी करणाऱ्यांना ही तपासणी लागू पडत नाही, कारण त्यांची लयच उलटी झालेली असते.

काही रुग्णांत गाठ महिनोन्महिने शांत राहते आणि मधूनच उसळते. लक्षणं ठसठशीत आहेत आणि तपासण्या साफ येताहेत, असं असेल तर त्या पुन्हा पुन्हा कराव्या लागतात, शक्यतो त्रास वाढलेला असताना. निदानाला सरासरी तीनेक वर्षं लागतात त्यामागे हेही एक कारण आहे.

अतिरेक सिद्ध झाला की एसीटीएच. ते दबलेलं असेल, साधारण १० पिकोग्रॅमच्या खाली, तर अ‍ॅड्रिनल स्वतःच्या मर्जीने चाललीय, पोटाचा सीटी काढायचा. २० च्या वर असेल तर हुकूम देणारी गाठ दुसरीकडे आहे, मग पिट्युटरीचा एमआरआय. म्हणजे तुम्ही काढून घेतलेल्या एमआरआयची पाळी इथे येते.

त्या ३ मिलिमीटरच्या ठिपक्याबद्दल मला फार काही वाटत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या कुठल्याही निरोगी शंभर जणांचा एमआरआय काढला तर दहाएक जणांच्या पिट्युटरीत असं काहीतरी बारीक सापडतं, जे आयुष्यभर काही करत नाही. उलट ज्यांना खरोखर कुशिंग डिसीज आहे त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश लोकांच्या एमआरआयत गाठ दिसतच नाही, इतकी ती छोटी असते. त्यामुळे ठिपका आहे म्हणून आजार आहेच असं नाही आणि ठिपका नाही म्हणून आजार नाही असंही नाही. अतिरेक सिद्ध झालाय, एसीटीएच वाढलंय, पण गाठ दिसत नाही किंवा ६ मिलिमीटरहून लहान आहे, अशा वेळी जांघेतून बारीक नळ्या घालून पिट्युटरीतून बाहेर पडणाऱ्या दोन्ही शिरांतलं रक्त आणि हातातलं रक्त एकाच वेळी घेतात. शिरेतलं एसीटीएच हातातल्याच्या दुप्पट, किंवा उत्तेजक इंजेक्शननंतर तिप्पट निघालं तर उगम पिट्युटरीच. ही तपासणी नाजूक आहे, जिथे ती नेहमी होते अशा केंद्रातच करावी. आणि कॉर्टिसोल जास्त असल्याचं आधी सिद्ध झालेलं नसताना ती केली तर निरोगी माणसाचाही रिपोर्ट 'पिट्युटरी' असाच येतो!

शस्त्रक्रियेवर थोडक्यात, कारण तुम्ही त्या टप्प्यावर अजून आलेला नाहीत. पिट्युटरीची गाठ नाकावाटे काढतात, कवटी उघडत नाहीत. गाठ लहान असेल आणि सर्जनचा या शस्त्रक्रियेत हात बसलेला असेल तर साधारण ८० टक्के जणांत आजार आटोक्यात येतो. काहींत वर्षांनी उलटतो, म्हणून तपासण्या आयुष्यभर. अ‍ॅड्रिनलची साधी गाठ दुर्बिणीतून काढली की आजार बरा होतो. शस्त्रक्रिया जमत नसेल किंवा अपुरी पडली असेल तर कॉर्टिसोलचं उत्पादन अडवणारी औषधं आहेत: केटोकोनाझोल, मेटिरापोन, ओसिलोड्रोस्टॅट. केटोकोनाझोलवर यकृताच्या तपासण्या करत राहावं लागतं. रेडिएशनचा परिणाम यायला महिने-वर्षं लागतात. शेवटचा उपाय दोन्ही अ‍ॅड्रिनल काढणं, पण मग हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन जन्मभर.

यातली एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगत नाही आणि नंतर कुटुंबं हवालदिल होतात. शस्त्रक्रिया यशस्वी झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कॉर्टिसोल जवळजवळ शून्यावर येतं. ते बरं झाल्याचं लक्षण आहे, कारण निरोगी पिट्युटरी इतकी वर्षं दबलेली असते. ती जागी व्हायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं आणि तोवर हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या घ्याव्या लागतात. या काळात रुग्णाला आजारापेक्षाही वाईट वाटतं. सांधे दुखतात, कातडी सोलवटते, भूक जाते, अंथरुणातून उठवत नाही, रडू येतं. शरीराला अतिरेकाची सवय झालेली असते, त्यामुळे नेहमीची मात्राही त्याला तुटपुंजी वाटते. 'ऑपरेशन फसलं' असं घरचे धरून चालतात, आणि खरं तर ते फत्ते झालेलं असतं. ताप आला तर गोळीची मात्रा दुप्पट करायची, उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन घ्यायचं, आणि 'मी स्टिरॉइडवर आहे' असं लिहिलेलं कार्ड सतत जवळ ठेवायचं.

तर आता तुम्ही करायचं ते असं. क्रीमची ट्यूब आणि गुडघ्याच्या इंजेक्शनचे कागद शोधा, गोळ्यांत इस्ट्रोजेन आहे का बघा आणि हे सगळं घेऊन हार्मोनतज्ज्ञांकडे, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जा. फोटो न्या. पोटावरचे पट्टे, अंगावरचे डाग, खुर्चीतून उठणं हे ते बघतीलच, नाही बघितलं तर तुम्ही विषय काढा. ही ठळक लक्षणं नसतील तर माझा कल 'कुशिंग नसावा' असाच राहील. मग वजन, बीपी आणि पाळी यांची नेहमीची कारणं, पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित हार्मोनचा बिघाड), थायरॉइड, झोपेत घोरणं, शोधणं जास्त फायद्याचं. तरी मनातली शंका मिटावी म्हणून गोळ्या थांबवून सहा आठवड्यांनी डेक्सामेथासोनची तपासणी आणि दोन रात्रींची लाळ एवढं करून घ्यायला हरकत नाही. एमआरआयची सीडी फेकू नका, वर्षभराने ठिपक्याशी तुलना करायला ती लागेल.

हे सहा आठवडे थांबायचं नाही अशाही काही परिस्थिती आहेत. एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखू लागली किंवा अचानक दम लागला, तर रक्ताची गुठळी असू शकते. कुशिंगमध्ये तो धोका बराच वाढलेला असतो. पोटॅशियम कमी निघालं आणि अंगात त्राणच उरलं नाही, पाठीत एकदम कळ आली, ताप उतरत नाही, वागणं भ्रमिष्टासारखं झालं, किंवा सगळी लक्षणं काही आठवड्यांतच झपाट्याने वाढली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. अशा वेळी लघवीचे आणि लाळेचे नमुने गोळ्या चालू असतानाही घेता येतात, त्यासाठी अडून राहायचं कारण नाही.